उरलेला दगड

कल्पना करा, मुलांनो. चौथ्या मजल्यावरची खोली. खिडकीला लोखंडी जाळी, आणि जाळीच्या आत खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा. ती जाळी त्यांनीच जोडलेली. लोकांच्या खिडक्यांना जाळ्या बसवण्यातच त्यांची हयात गेली. जाळीतून खाली इमारतीची बाग दिसते, बागेत झोपाळा, आणि बागेच्या भिंतीपलीकडे, गंजक्या पत्र्याच्या कुंपणाआड, जुन्या दगडखाणीत साठलेलं हिरवं पाणी. दिसलं? आता दाराकडे बघा. नात आत येते आहे.

तिला सगळे मुंगी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. शाळेतून आल्यावर तिला बागेत अर्धा तास खेळायची परवानगी होती. मनगटावर आईने बांधलेलं घड्याळ असायचं. लेक कुठे आहे ते आईला कचेरीत बसल्या बसल्या फोनवर दिसायचं.

"आजोबा, आज आम्ही केलं!" ती कुजबुजली. "आईला सांगायचं नाही हं. शपथ घ्या."

"शपथ कसली घेतो? तुझ्या आईला कळलं तर ती मलाही घड्याळ बांधेल."

मुंगी खुदकन हसली. तिचे मोजे ओले होते. फरशीवर पावलं उमटत होती.

आजोबांच्या ते लक्षात आलं. आधी त्यांना बरं वाटलं, अगदी खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. मग त्यांनी जाळीतून पलीकडच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं.

गेले आठ दिवस ते तिला आपल्या लहानपणाची गोष्ट सांगत होते. दप्तर टाकलं की पोरं त्या खाणीवर पसार. कुठे जातोस, कधी येशील, विचारतंय कोण! सातजणांची टोळी, आणि टोळीचा एकच नियम. पाण्यात उतरताना प्रत्येकाने काठावर आपला दगड ठेवायचा, बाहेर आल्यावर आपला आपण उचलायचा. जो विसरेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांची दप्तरं वाहायची. मुंगी हातातला खेळ टाकून ऐकायची. तिचे डोळे असे लकाकायचे की आजोबांना आणखी चेव यायचा. पण गोष्ट जिथवर चकाकत होती, तिथवरच ते सांगत.

"आणि तुझं घड्याळ?" त्यांनी विचारलं.

"झोपाळ्याला अडकवलं होतं. दोघींचीही. पिटुकलीचीच कल्पना!" पिटुकली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची तिची मैत्रीण, तिच्याहून वीतभर बुटकी. "आयांना वाटलं, आम्ही झोके घेतोय. माझं मी येताना काढून घेतलं."

"अगं बये," आजोबा म्हणाले. हसायचं नाही असं ठरवूनही त्यांना हसू आलं. "आमच्याहून दोन पावलं पुढे आहात."

मुंगीने खिशातून दगड काढले आणि खिडकीच्या कठड्यावर मांडले. एक काळा, एक पांढरा.

"दोन का?"

"काळा माझा. पांढरा पिटुकलीचा. घड्याळासारखा हाही विसरली वेंधळी. मी काठावर केस पुसत होते, मागे वळले तर ती नव्हतीच. म्हटलं, गेली पुढे पळून. मग उद्या माझं दप्तर तिला वाहावं लागलं असतं. एवढीशी तर आहे. म्हणून मीच उचलला."

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. काढायचं कसं ते त्यांना सुचेना.

साठ वर्षांपूर्वी, त्याच काठावर, सातवा दगड असाच उरला होता. काडी म्हणत त्या पोराला, इतका किडकिडीत. बिचाऱ्याला उद्या सहा दप्तरं नकोत, म्हणून एका दहा वर्षांच्या मुलाने तो दगड हळूच खिशात टाकला होता. काठावर दगड नाही, म्हणजे काडी घरी गेला, असं सगळ्यांनी धरलं. अंधार पडून त्याची आई दारोदार विचारत येईपर्यंत. तो दगड कोणी उचलला, हे आजोबांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मुंगे, तिला घरी जाताना पाहिलंस?"

"नाही... पण दगड—"

"दगड तू उचललास, बाळा. तिला पाहिलंस का?"

मुंगीने मान हलवली. नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मुंगीची आई.

"बाबा, मुंगी आली ना वर? बरं झालं. पिटुकलीच्या आईचा आत्ताच फोन होता. तिची अजून बागेतच आहे म्हणे, घड्याळात दिसतंय. म्हणाली, आज किती शहाण्यासारखी खेळतेय, जागची हलत नाहीये."

आजोबांनी जाळीतून खाली पाहिलं. बाग रिकामी होती. झोपाळ्याच्या साखळीवर एक बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"बागेत कोणी नाही," आजोबा ओरडले. "पिटुकलीच्या आईला सांग, खाणीवर माणसं धाडा. पाण्याकडे. आत्ताच्या आत्ता!"

फोन खुर्चीत पडला. त्यातून आई "बाबा? बाबा?" करत राहिली. आजोबा अनवाणीच जिन्याकडे धावले. कठडा धरून, धापा टाकत, मजल्यामजल्यावर दारं ठोठावत ते खाली उतरताना ऐकू येत होतं.

खोलीत मुंगी एकटी उरली. तिने काळा दगड खिशात टाकला. पांढऱ्याला हात लावला नाही. मग तो कोणी उचलू नये म्हणून ती कठड्यापाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली, आणि जाळीला तोंड लावून तिने पिटुकलीला हाक मारली.