साठ पावलांवर

लेंपीच्या झाडाला कुणीतरी शिडी लावली होती. नवीकोरी लोखंडी शिडी, वर मचाण, खाली कायद्याप्रमाणे नावाची पट्टी. नाव अनोळखी.

"एकतीस वर्षं मी या झाडाखाली बसते," लेंपी म्हणाली. "पोटच्या पोरालाही ही जागा सांगितली नव्हती."

"सरकारी जंगल आहे, आई. आधी येईल त्याची जागा." सुनेनं, कार्लीननं, खिशातून गुलाबी फितींचा गुंता काढला. "रस्त्यापासून इथवर दर वीस पावलांवर बांधलेल्या होत्या. यांच्याच मागं तो आला. कुणी बांधल्या?"

लेंपीनं तोंड झाडाकडं फिरवलं. एकतीस वर्षं पहाटेच्या अंधारात दिव्याशिवाय इथवर आलेली बाई ती. यंदा वाट सापडेना म्हणून खुणा बांधल्या, हे सुनेला काय सांगायचं?

"तुम्हाला दिसत नाही ना?"

"रविवारी तू भाजलेल्या पेस्टीच्या सारणातले कच्चे बटाटे दिसले की मला. चल पुढं."

उद्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. आज जागा मिळाली नाही तर हिवाळाभर खिडकीशी बसायचं. दलदलीच्या कडेनं दोघी चालत राहिल्या. एका कोवळ्या झाडाची साल हरणाच्या नरानं शिंगं घासून सोलली होती. लेंपीनं त्यावर तळवा फिरवला. चीक ओला होता. "कालचं आहे." तिनं कानातल्यांच्या जुन्या डबीतून रुईच्या कापसाची म्हातारी काढली नि सोडली. ती दलदलीकडं न जाता तिच्या खांद्यावरून मागं तरंगत गेली. वाराही हवा तसा होता; माणसाचा वास हरणांकडं जाणार नव्हता. उन्मळून पडलेल्या ओकला पाठ लावून लेंपी बसली. समोर हरणांची वाट.

"इथं," ती म्हणाली.

"जागा चांगली आहे. मी वाटेवर जाऊन उभी राहते. साठ पावलं होतील. मी कुठं आहे ते सांगा. नाही सांगता आलं तर उद्या बंदूक घरी. रेनोला मी सांगेन."

"रेनोला? माझ्या पोराला बंदूक धरायला मी शिकवलं."

"म्हणूनच तो तुम्हाला सांगणार नाही. मी सांगेन."

शिकाऱ्यांचं भडक नारिंगी जाकीट घातलेली कार्लीन उतारावरून गेली. बर्फ करकरत राहिला, मग थांबला. लेंपीनं डोळे बारीक केले. देवदारांच्या करड्या भिंतीत एक नारिंगी ठिपका.

"दिसतेस!" ती ओरडली. "भोपळ्यासारखी! डावीकडच्या खोडाशी!"

तिनं उत्तरासाठी कान दिला.

आणि मग ठिपक्याच्या उजवीकडं काहीतरी तपकिरी हललं.

एक पाऊल. थांबलं. आणखी एक. खाली वाकलेली मान, रुंद पाठ. भर दुपारी, तिच्या आरोळीनंतरही! नारिंगी ठिपका जागचा हलला नाही. शहाणी पोर. लेंपीनं हातातली काठी सावकाश उचलली, खांद्याला लावली, गाल टेकवला. थंडीनं आखडलेली बोटं आपोआप सैल झाली. आडवं हो, बाळा. आणखी थोडं. पुढच्या पायामागं, ढोपराच्या वर.

"ठो," ती ओठांतच म्हणाली.

हरणानं हात वर केला.

लेंपी काठी तशीच धरून बसली. तपकिरी स्वेटर ठिपक्याकडं गेला, फांदीवरचं नारिंगी जाकीट काढून त्यानं अंगात घातलं आणि चढ चढू लागला. कार्लीन जवळ आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रोखलेली काठी तिनं पाहिली होती.

लेंपीनं काठी खाली घेतली. ओकला धरून उठली, बसल्या जागेवरचा बर्फ हातानं झटकला आणि बाजूला झाली.

"उद्या इथं तू बस," ती म्हणाली. "आणि ते जाकीट अंगावरून उतरवायचं नाही. सरकारी जंगल आहे. कुणाची नजर कशी, काय सांगावं."