वारा कुठून?

“तुह्यं ते उडनं मले पाहवत नाही बाप्पा!” असं म्हणत रुख्मिणीबाई दर रविवारी सूप घेऊन खळ्याकडे निघून जायच्या. त्यांचा संघपाल पाठीवर इंजिन बांधून, मोठ्या कापडी पंखाखाली चिखलीच्या शिवारावर उडायचा, आणि त्याची बायको मंजुश्री बांधावरून फोटो काढायची.

आज वाऱ्याची दिशा दाखवणारं फडकं बांधायचं राहून गेलं, आणि आजच वर गेल्यावर इंजिन बंद पडलं. वाऱ्याला तोंड देऊन उतरलं तर जीव वाचणार, पाठ दिली तर हाडं मोडणार. पण वारा कुठून? जमीन तर अंगावर धावून येत होती. तेवढ्यात त्याला खाली खळ्यात उपणत उभी असलेली माय दिसली. तिच्या सुपातून भुसा सुटत होता आणि उगवतीकडे वाहत जात होता. संघपालनं पंख मावळतीकडे वळवला, आणि तो अलगद पायांवर उतरला.

संध्याकाळी मंजुश्री मागचे सगळे फोटो चाळत होती. उतरतानाच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सासूबाई उपणत उभ्या होत्या.

 

“अवो,” ती हळूच म्हणाली, “आपली तूर तर कवाच पोत्यात भरली. मंग आत्याबाई दर रविवारी काय उपणून राह्यल्या?”