राखलेलं पाणी

या मायबापहो, जरा पुढे सरका. आज बुडालेल्यांची नव्हे, परतलेल्यांची कथा सांगतो.

समुद्रातल्या चक्रात ज्या होड्या गडप होतात, त्या वर्षांनी तिथेच, माणसं तशीच तरुण ठेवून परत येतात हे कळल्यापासून चांगुणा गस्तीच्या लाँचवरून ते पाणी मोकळं राखत होती. परतणाऱ्या होडीच्या जागी दुसरी होडी असली, तर दोन्हींच्या चिंधड्या उडत. चांगुणाचा नवरा धर्माही तिथेच हरवलेला.

नारळी पुनवेला पाणी हिरवं उकळू लागलं. कोणीतरी येत होतं. आणि मधोमध होडीत उभा होता तिचा सासरा हिराजी, हातात नारळ घेऊन!

"बाबा, बाहेर निघा! धर्माच असला तर?"

"त्याच्यासाठीच नारल आणलाय, पोरी. दर्याचा मान दिल्याबिगर तो सोडील व्हय?"

चांगुणाने पांडुरंगाचं नाव घेतलं आणि लाँच भरधाव त्याच्या होडीवर घातली. फळ्या फुटल्या, नारळ पाण्यात उडाला, म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्या. रक्तबंबाळ हिराजीसकट ती होडी चक्राबाहेर रेटली गेली, मागोमाग लाँचही बाहेर पडली. त्याच क्षणी मोकळ्या पाण्यात तरणाबांड धर्मा होडीसह उगवला.

चांगुणाच्या मांडीवर शेवटचा श्वास घेताना हिराजी हसला. "बघ, पोचला ना नारल?"

मायबापहो, पुनवेचा नारळ किनाऱ्यावरूनच सोडा. पण सोडताना त्या हिराजीची आठवण ठेवा.