पुठ्ठ्यावरचं फाटक

शाळेतल्या बाई अंगणासाठी साधं, सरळ गजांचं फाटक सांगायला आल्या होत्या. लोहाराच्या लेकीनं मापं वहीत उतरवून घेतली. निघता निघता बाई भिंतीपाशी थबकल्या.

तिथं खिळ्याला एक पुठ्ठा अडकवलेला होता आणि त्यावर कोळशानं फाटक काढलं होतं. दोन्ही झडपांवर लोखंडाच्या वेली चढलेल्या. पलीकडे कुरण, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, झाडाला टेकून पेंगणारा मेंढपाळ.

“आबांनी काढलंय,” लेक म्हणाली. “झटक्यानं उजवा हात लुळा पडल्यापासून डाव्यानं काहीबाही गिरवत बसतात. तेवढाच वेळ जातो.”

आबा दाराशी खुर्चीत बसले होते. दुकानात कोण आलं, कोण गेलं, याच्याशी वर्षभर त्यांना काही देणंघेणं उरलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, चित्राजवळ वाकल्या आणि एकदम हसल्या.

“अगं बाई! ही कोपऱ्यातली मेंढी फाटकाचीच पानं खातेय की! लोखंड आहे ते, बये, दात पडतील!”

खुर्ची करकरली. आबा वळले होते.

“वर्षभर खातेय ती,” ते म्हणाले. शब्द जड होते, पण कळत होते. “कुणाला दिसली नाही.”

लेक पुढे आली. चित्र रोज डोळ्यांसमोर असूनही मेंढी तिनं आत्ताच पाहिली.

“मला हेच फाटक हवं,” बाई म्हणाल्या.

“बाई, असली पानं ठोकायला आबांचाच हात लागतो. मला नुसतं वेल्डिंग येतं.”

“येईल तिला,” आबा म्हणाले. “मी सांगेन, ती ठोकेल.”

लेक बघतच राहिली. ऐरणीजवळ त्यांनी तिला कधी उभं केलं नव्हतं. हे पोरींचं काम नव्हे, असं ऐकतच ती मोठी झाली होती.

“महिना तरी लागेल,” वही पुन्हा उघडत ती बाईंना म्हणाली.

“लागू दे की. इतके दिवस दोरी बांधून भागवलंच ना!”

बाई गेल्यावर तिनं भट्टी पेटवली. पट्टी लाल झाली. “थांब... अजून... आता!” आबा ओरडले आणि तिनं हातोडा घातला. पहिलं पान पानापेक्षा चमच्यासारखंच जास्त दिसत होतं.

गार झाल्यावर आबांनी ते डाव्या तळहातावर घेतलं, बोटांनी चाचपलं.

“देठ बरा जमलाय,” ते म्हणाले. “उद्या दुकान जरा लवकर उघडू.”