मालकावाचून

"एकल्या हाताला गं जातं जड होतं, दुजा हात लागता दळण गाणं गातं." दळताना आई म्हणायची ती ओवी दिपेशला आता फारशी आठवत नसे. हाटकेश औद्योगिक वसाहतीतला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, त्याचं जातं, सात वर्षं तो एकटाच ओढत होता.

उद्योजकांच्या शिबिरात सर म्हणाले, "मालकावाचून चालतो तोच खरा धंदा." म्हणून त्यानं किल्ल्या कारखान्यातले जुने कामगार सदूकाका यांच्या हाती दिल्या आणि फोन बंद करून आठ दिवस घरी बसला. छातीत सारखी धडधड. मशीन अडलं असेल, माल परत आला असेल, कामगार सोडून गेले असतील.

नवव्या दिवशी धावतच गेला, तर सगळा माल वेळेत रवाना झालेला.

"आलात कशाला शेठ? बसायचं अजून दोन दिवस," सदूकाका हसले.

धडधड थांबायची ती वाढलीच. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मिनल, माझ्यावाचून चाललं गं सगळं."

 

मिनलनं विळी मिटली. "घर तर सात वर्षं चालतंय तुमच्यावाचून. हे आठ दिवस तुम्ही पाहुण्यासारखं पाणी मागून पीत होतात ना, तेव्हा भीती वाटली मला, हे घर तुमचं उरलंय की नाही याची."