भारोभार

"आई दवाखान्यातून घरी आली, तर तिच्या भारोभार गूळ वाहीन," असा नवस शिवहार दिवाळीत बोलला होता. आई आली. दवाखान्यात भरती करतानाच्या कागदावर तिचं वजन चव्वेचाळीस किलो होतं. डोंगरकडा गावच्या दुकानातून त्यानं गुळाच्या किलोकिलोच्या तेवढ्याच भेल्या आणून पोत्यात भरल्या.

देवीचं ठाणं धरणाच्या काठावर, टेकडीच्या माथ्यावर. जुनी वाट कधीच पाण्यात गेली, चढायला उरला नुसता खडक. पहिल्या खेपेला त्यानं आईला पाठुंगळी घेऊन वर नेलं आणि पोत्यासाठी पुन्हा खाली उतरला. दुसऱ्या खेपेला मात्र जीव मेटाकुटीला आला, चार ठिकाणी टेकावं लागलं. एरवी बोकड नुसता उचलून वजन सांगणारा गडी, पण आज त्याला वाटलं, आपण दमलो म्हणून पोतं जड लागतंय.

गुरवानं तराजू टांगला. एका पारड्यात यशोदाबाई बसली, दुसऱ्यात गूळ ठेवला. गुळाचं पारडं धपकन खाली बसलं.

"जास्तीचा आणला काय रं?" म्हणत गुरव एकेक भेली काढत गेला. अकरावी काढली तेव्हा कुठं दांडी बराबर झाली. शिवहारनं पारड्यात उरलेल्या भेल्या मोजल्या, तेहतीस.

यशोदाबाई पारड्यातूनच हसली, "असू दे रं, उरलेला घरी ने. वरीसभर पुरल मला चहाला."