कुणाचं शिजतंय

साहेब, ग्रामपंचायतीतलं हे कॉम्प्युटरचं मशीन तुम्ही दिलंत. त्यात काय घालून दिलंत, ते मात्र सांगितलं नाहीत. उद्या चौकशी लागली तर तुमच्या बापाचं काही जाणार नाही, बेड्या सरपंचबाईंच्या हातात पडतील, हे मशीन गाडीतून उतरवतानाच तुम्हाला ठाऊक होतं.

वृषालीला ते आज कळलं.

देवळाली प्रवराच्या रस्त्यावरचं, उसानं वेढलेलं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत ती ऑपरेटर. सकाळपासून कॉम्प्युटर असा रखडत होता, की चिखलात रुतलेला उसाचा ट्रॅक्टर बरा. घरकुलांचे फोटो वर पाठवायचे म्हणून सरपंच बनाबाई शेजारच्या खुर्चीत खोळंबून बसल्या होत्या.

"दोन फोटू धाडायला एवढा वेळ? तवर माझ्या दोन सऱ्या खुरपून झाल्या असत्या."

"मावशी, मेमरी भरलीय त्याची."

"म्हंजी?"

"मेमरी म्हणजे ओटा समजा. मावतील तेवढीच भांडी मांडायची. जास्त झाली की हात हलवायला जागा राहत नाही." वृषालीनं आत काय काय चाललंय त्याची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. "हे बघा. आपण दोनच भांडी मांडलीत, आणि ओटा नव्वद टक्के भरलाय."

बनाबाई पुढं सरकल्या. "मग बाकीचं कुनाचं शिजतंय?"

वृषाली हसली, पण हसू ओठावरच राहिलं. सगळ्यात वर एक नाव होतं. नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे. निम्मी मेमरी तेच खात होतं. पडद्यावर त्याची खिडकी नाही, चित्र नाही. मागं दडून चाललेलं. तिनं ते बंद केलं. ते गेलं. तिनं श्वास सोडला आणि ते परत आलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा आलं. हाकललेलं कुत्रं तरी जरा लांब जाऊन बसतं.

मग माऊसचा बाण हलला. वृषालीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी न्हाई हात लावला," बनाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

बाण सावकाश वर गेला. बिलांचं पान उघडलं. वृषालीची नजर मशीनच्या पुढच्या बाजूला गेली. दोन डोंगल खोचलेले होते. एक ग्रामसेवक भाऊसाहेबांचा, एक बनाबाईंचा. पेनड्राइव्हएवढा तुकडा, पण तीच सरपंचाची सही आणि तोच शिक्का. तो सरपंचाच्या कनवटीला पाहिजे. पण भाऊसाहेबांच्या गळ्यात तीन गावं, बनाबाईंना रानातलं काम, म्हणून दोन्ही डोंगल कायम मशीनलाच. सारखा टाकायला नको म्हणून पिनसुद्धा वृषालीनंच मशीनमध्ये भरून ठेवलेला. तसं करायला वरच्या ऑफिसातूनच सांगितलं होतं. आणि वरून सांगितलं की आपल्याकडं कोण कशाला विचारतंय!

पडद्यावर अक्षरं उमटली. वृषालीनं ती मोठ्यानं वाचली.

"बौद्धवस्ती, पाण्याची टाकी. काम पूर्ण. सरपंचांची स्वाक्षरी झाली."

"टाकी?" बनाबाई ताडकन उठल्या. "आमच्या वस्तीत? आत्ता सकाळी हापशावरनं पानी आनलंय मी!"

"मावशी, सही तुमची उमटलीय."

"मी केली का?"

"नाही."

"मग केली कुनी?"

नगरचं कोर्ट वृषालीच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पुढं बनाबाई, मागं ती स्वतः. मशीन कुणाच्या ताब्यात? ऑपरेटरच्या. सही कुणाची? सरपंचांची. मागं दडून काय चाललं होतं, हे तिथं कोण ऐकून घेणार? बाण पुढच्या बिलाकडं निघाला होता. मशीन बंद करायचं बटण रोजचं, पण तिच्या बोटांना ते सापडत नव्हतं.

बनाबाईंनी बटण शोधलंच नाही. वाफ्यातली हराळी उपटावी तसा त्यांनी आपला डोंगल उपटला आणि मुठीत आवळला.

बाण जागच्या जागी थांबला.

आणि वृषालीचा फोन वाजला. वरच्या ऑफिसचा नंबर. तिनं स्पीकर लावला.

"काय गं, सरपंचाचा डोंगल का काढला? लाव परत. लगेच."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. दार लोटलेलं होतं. तरी सवयीनं वृषालीच्या तोंडातून 'हो साहेब' निघणारच होतं. बनाबाईंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"जय भीम साहेब. सरपंच बोलतीय. डोंगल माझ्या मुठीत हाय, आन् आमी कुनाला बोललेलो न्हाई. तुमाला तितं बसून कसं कळलं?"

बनाबाईंनी मुठीतला डोंगल कनवटीला खोचला.

"बोला की साहेब. कसं कळलं?"